सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी सुरी निवडताना

मिटतो तो चाकू आणि मिटत नाही ती सुरी, हा आपल्याकडचा जुना भेद येथे धरला आहे. रानात सुरी बरी पडते, कारण तिला सांधा नसतो. सांधा नसल्यामुळे त्यात चिखल जात नाही, जोर लावताना पाते बोटांवर मिटण्याची भीती राहत नाही आणि काम झाल्यावर ती धुणे सोपे जाते. मात्र ती खिशात मावत नाही. त्यामुळे पाते किती मोठे असावे आणि ते ठेवायचे कसे, हे दोन प्रश्न पोलादाच्या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे ठरतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कामातून मिळते. दोन दिवसांच्या गडफेरीत सुरीने आपण कांदे-बटाटे चिरतो, दोरी कापतो, चिकटपट्टी किंवा बँडेज कापतो, चूल पेटवण्यासाठी वाळक्या फांदीच्या ढलप्या काढतो आणि फार तर तंबूसाठी एखादी खुंटी टोकदार करतो. यातल्या कोणत्याही कामाला ९ ते ११ सेंटिमीटरपेक्षा लांब पाते लागत नाही. लाकूड फोडणे किंवा झुडूप तोडणे हे काम कोयत्याचे आहे, आणि कोकणातला शेतकरी कमरेच्या आकडीत कोयती अडकवून ते रोज करतो. सुरीने कोयत्याचे काम करण्याचा आग्रह धरला, की जड, जाड आणि भाजीही नीट न चिरणारी वस्तू पदरात पडते. शिवाय भटक्यांनी उभे झाड तोडण्याचे काही कारण नसते.

पाते निवडण्यापूर्वी कायदा समजून घ्यावा, कारण येथे पुष्कळांचा गैरसमज असतो. शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी, ती घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक उपयोगासाठी घडवलेली नसेल, तर शस्त्रांत मोडते. त्यावरून ‘९ इंचांच्या आत असले की कुठेही न्यावे’ असा अर्थ काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, तेव्हा त्या भागात सुऱ्याच काय, काठ्याही बाळगण्यावर बंदी घालता येते, आणि सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या काळात असे आदेश अनेकदा निघतात. भटक्यांच्या अधिक जवळचा कायदा मात्र वेगळाच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत सुरीचाही समावेश आहे आणि कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. हरिश्चंद्रगड आणि रतनगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, वासोटा कोयना अभयारण्यात येतो. म्हणजे आपल्या आवडत्या वाटांपैकी कितीतरी वाटांवर सुरी न्यायची असेल तर वनखात्याला आधी विचारावे लागते, आणि परवानगी नसेल तर ती घरीच ठेवावी लागते. अशा वेळी भाजी घरून चिरून न्यावी. विमानप्रवासात सुरी हातातल्या पिशवीत चालत नाही, ती जमा करायच्या सामानात म्यानासह गुंडाळून ठेवावी लागते.

शहरात रोज सुरी जवळ बाळगण्याचा विचार असेल तर माझे मत स्पष्ट आहे: बाळगू नये. कार्यालयात पाकीट उघडायला छोटी कात्री पुरते, आणि गर्दीच्या लोकलमध्ये कमरेला लावलेली सुरी पाहून शेजारच्या माणसाला भीती वाटली, तर ती रास्तच आहे. रोजच्या वापराची सुरी म्हणजे शेतावर, बागेत किंवा स्वयंपाकघरात रोज हाताशी लागणारी सुरी, असा अर्थ मी घेतो.

पात्याची जाडी पाठीकडे २.५ ते ३ मिलिमीटर असावी. चार-पाच मिलिमीटरचे पाते दुकानात हातात घेतल्यावर भक्कम वाटते, पण त्याने बटाटा चिरला जात नाही, दुभंगतो. पोलादाच्या बाबतीत आपल्या हवामानाला मान द्यावा. १०९५ सारख्या कार्बन पोलादाला धार पटकन लागते, परंतु जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ते एका रात्रीत तांबूस डाग धरते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याला तर ते वर्षभर पुसावे लागते. म्हणून पहिली सुरी घेणाऱ्याने स्टेनलेस घ्यावी. वेष्टनावर नुसते ‘स्टेनलेस स्टील’ छापलेले असले तर त्यावरून काहीच कळत नाही, पोलादाचे नाव दिलेले असावे. १२सी२७ हे स्वीडिश पोलाद, ज्यात सुमारे १३.५ टक्के क्रोमियम असते, गंजाला तोंड देते आणि साध्या दगडावरही पाजळता येते. गावच्या लोहाराकडून ट्रकच्या कमानपट्ट्याची सुरी घडवून घेता येते. तो पोलादाला नीट पाणी देणारा, म्हणजे तापवून योग्य वेळी झटकन थंड करणारा असेल तर ती फार चांगली निघते, फक्त तिला वापरानंतर पुसून तेलाचा हात लावावा लागतो. खोबरेल चालते, पण ते खवट होऊ लागले की पुसून नवे लावावे.

पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलेच हवे, असे सर्वत्र ठासून सांगितले जाते. हातोडीसारखे ठोकून सुरी वापरणाऱ्याला ते खरे आहे. पण स्वीडनच्या मोराक्नीव्ह या कंपनीच्या ‘कंपॅनियन’ नावाच्या लोकप्रिय सुरीत पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, आणि तरीही वर सांगितलेली सगळी कामे ती वर्षानुवर्षे करते.

म्यानाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात आणि अपघात तिथेच होतो. एका जुलैमध्ये माझ्या सुरीचे चामड्याचे म्यान दोन दिवस भिजत राहिले, मऊ पडले, आणि सॅक खाली ठेवताना पात्याचे टोक म्यानातून बाहेर येऊन पाण्याच्या पिशवीत घुसले. तिथे माझी मांडीही असू शकली असती. पावसाळी वाटांसाठी कडक प्लास्टिकचे म्यान घ्यावे, त्याच्या तळाला पाणी निथळण्याचे छिद्र असावे, आणि विकत घेण्यापूर्वी सुरी म्यानात घालून ती गादीवर किंवा पुठ्ठ्यावर उलटी धरून जोराने हलवून पाहावी. सुटली तर ती घेऊ नये. चामड्याचे म्यान आवडत असेल तर ते कोरड्या दिवसांत वापरावे, पण घरी सुरी त्यात ठेवून देऊ नये, कारण चामडे ओल धरते आणि पात्यावर डाग पडतात.

मूठ मात्र दुकानात कळत नाही. चारही बोटे नीट मावतात का, ओल्या हाताने धरल्यावर हात पुढे पात्याकडे घसरू नये म्हणून पुढच्या बाजूला उंचवटा आहे का, एवढे तिथे पाहता येते. खरी परीक्षा घरी होते: बांबूचा किंवा वाळक्या फांदीचा तुकडा घेऊन, पाते अंगापासून दूर चालवत, पंधरा मिनिटे सलग सोलत बसावे. तळहातावर एकाच जागी चटका बसल्यासारखे होऊ लागले, तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ती सुरी परत करावी.