घागऱ्याचा घेर चार जागी लोंबला तेव्हा

दांडियासाठी शिवलेला पूर्ण गोल घागरा चार जागी लोंबला. कापड वाईट नव्हतं. गोल घेरात चार जागी कापडाचा धागा तिरका येतो, आणि तिरक्या धाग्यावर ते स्वतःच्या वजनाने ताणतंच. कंबर २४ इंच, शिलाईला १ धरून २५ भागिले ६.२८ (पायची दुप्पट), म्हणजे कमरेच्या गोलाची त्रिज्या ४ इंच. माप बरोबर, घागरा न टांगताच लेस लावायची घाई नडली. लेस उसवली, घागरा कमरपट्टीला चिमटे लावून रात्रभर टांगला. मग मुलीच्या अंगावर घालून जमिनीपासून ३ इंचांवर खडूने खुणा केल्या, जास्तीचं कापलं. बेळगावच्या खडेबाजारातली सुती लेस आधी भिजवून वाळवली, नाहीतर पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात. लेस शिवताना आरशांजवळ चेनचा फूट (चेन लावायचा मशीनचा अरुंद फूट), १४ नंबर सुई, टाक्याची लांबी ४. आरशावर आपटली की सुई मोडलीच! नवरात्रात पहाटे निघणाऱ्या दुर्गामाता दौडीच्या पांढऱ्या झब्ब्यांच्या शिलाईची गर्दी व्हायच्या आत, घटस्थापनेआधीच हे उरकावं.