मिनियापोलिसला नवीन आलात? आधी डेनिया हॉलबद्दल वाचा

मिनियापोलिस-सेंट पॉल भागात नवीन आलेल्या मराठी कुटुंबांचे पहिल्या महिन्यातले प्रश्न ठरलेले असतात. बर्फातले बूट कुठले घ्यायचे, गाडीला हिवाळी टायर लागतात का, कोथिंबीर कुठे बरी मिळते. याची उत्तरं कुणीही देईल. मला कळकळीने सांगायचंय ते वेगळं आहे. जिथे आपली माणसं नेमाने भेटतात अशी एक जागा पहिली थंडी पडायच्या आत शोधा, आणि नुसते पाहुणे म्हणून तिथे जाऊ नका. अशी जागा कशी उभी राहते आणि कशी हातची जाते, हे या शहरातल्या डॅनिश लोकांनी आपल्या कितीतरी आधी पाहिलं आहे.

डाउनटाउनला लागूनच सीडर-रिव्हरसाइड ही वस्ती आहे. आज तिथे सोमाली कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कहून आलेले मजूर, कारागीर, मोलकरणी राहायच्या. सीडर अव्हेन्यूला लोक ‘स्नूस बुलेव्हार्ड’ म्हणत, कारण स्नूस म्हणजे ओठाआड धरायची तंबाखू ज्याच्या त्याच्या खिशात. याच रस्त्यावर १८८६ साली डॅनिश मंडळींच्या डेनिया सोसायटीने पिवळ्या विटांचा, चांगला उंच हॉल बांधला. आराखडा कार्ल स्ट्रक या नॉर्वेजियन वास्तुविशारदाचा.

इमारतीची रचना नीट बघा, कारण खरं शहाणपण तिथेच आहे. तळमजल्यावर दुकानं, त्यांचं भाडं येत राहायचं. वर बैठकीच्या आणि जेवणावळींच्या खोल्या. सगळ्यात वर रंगमंच असलेलं सभागृह आणि त्याला वळसा घालून गेलेली गॅलरी. शनिवारी रात्री नाच, कधी नाटक, कधी सभा. आणि हॉल फक्त डॅनिश लोकांपुरता ठेवला नाही. मिनियापोलिसमध्ये स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोकांच्या मानाने डॅनिश थोडेच होते. तेवढ्यांच्या वर्गणीवर एवढी वास्तू चालणं कठीणच. म्हणून शेजाऱ्यांनाही दार उघडं होतं. गावरान शेतकऱ्याचं सोंग घेऊन हसवणारा ‘ओले ई स्क्राटहुल्ट’ या नावाचा स्वीडिश नट (खरं नाव याल्मार पीटरसन) इथे प्रयोग करायचा. दिवसभर परक्या भाषेत हुकूम ऐकणाऱ्या माणसाला रात्री आपल्या बोलीत पोट धरून हसायला मिळायचं. याचं मोल नव्याने आलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडेही हे नवं नाही. कोकणातून मुंबईच्या गिरणगावात आलेले चाकरमानी गावाच्या खोलीत राहायचे, ग्रामस्थ मंडळाची वर्गणी भरायचे, आजारपणात एकमेकांना सांभाळायचे. डॅनिश लोकांनीही तेच केलं. १८८२ साली नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात त्यांनी ‘डॅनिश ब्रदरहुड’ काढलं. सभासदांनी वर्गणी भरायची, सभासद गेला की त्याच्या घरच्यांना पैसे मिळायचे. गावोगावी त्याच्या शाखा निघाल्या आणि अनेक शाखांनी आपापले हॉल बांधले.

मग हे गेलं कुठे? भाषा आधी गेली. पहिल्या महायुद्धात परक्या भाषांविरुद्ध वातावरण इतकं तापलं की शेजारच्या आयोवाचे गव्हर्नर हार्डिंग यांनी १९१८ मध्ये सार्वजनिक जागी, प्रार्थनेत, अगदी टेलिफोनवरही इंग्रजीच बोलायचा हुकूम काढला. आयोवात डॅनिश वस्त्या बऱ्याच होत्या. पण माझ्या मते हुकमापेक्षा शाळा आणि नोकरी यांनीच जास्त काम केलं. नातवंडं उपनगरांत गेली आणि सीडर अव्हेन्यूवर यायचं त्यांना कारण उरलं नाही. डेनिया हॉलची नोंद १९७४ साली राष्ट्रीय वारसा यादीत झाली. पुढे एकदा आग लागली, इमारत बंद पडून राहिली. शेवटी नूतनीकरणाचं काम चालू असतानाच २८ फेब्रुवारी २००० ला लागलेल्या आगीत ती पूर्ण गेली. मला याचं आजही वाईट वाटतं.

टायलरला मात्र वेगळं घडलं. मिनियापोलिसपासून गाडीने साधारण तीन तासांवर, नैर्ऋत्येला हे छोटं गाव आहे. डॅनिश चर्चने रेल्वे कंपनीशी बोलून तिथली जमीन डॅनिश लोकांसाठी राखून घेतली होती. १८८८ मध्ये त्यांनी डानेबोड हे लोकविद्यालय, म्हणजे तरुण-प्रौढांना परीक्षेविना शिकवणारी निवासी शाळा काढली, पुढच्याच वर्षी शेतातले दगड रचून ‘स्टोन हॉल’ बांधला आणि १९०४ मध्ये कवायती आणि लोकनृत्यांसाठी आणखी एक हॉल. ते आजही उभे आहेत. उन्हाळ्यात तिथे सहकुटुंब शिबिरं भरतात आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे एका रांगेत नाचतात. आडनावं डॅनिश असोत-नसोत, कुणी विचारत नाही.

आपल्या मंडळांचं म्हणाल तर बहुतेक कार्यक्रम शाळांच्या भाड्याच्या सभागृहात होतात. तारीख कितीतरी आधी धरावी लागते, विम्याचे कागद द्यावे लागतात, स्वयंपाकघर वापरायचं तर वेगळी परवानगी. हे सगळं चार-पाच जणच वर्षानुवर्षं ओढतात. नवीन आलेल्यांना वाटतं, आपण काय करणार, आपल्याला अजून काही माहीत नाही. माहिती लागतच नाही. खुर्च्या लावायला, पंगतीत वाढायला, शेवटी फरशी पुसायला हात लागतात. नाटक बघून निघून गेलात तर कुणाची ओळख होत नाही; मागे राहून भांडी आवरलीत, तर डॉक्टर कुठला चांगला, घरभाड्याच्या करारात काय तपासायचं, हे बोलता बोलता कळतं.

अमराठी शेजाऱ्यांनाही बोलवा. मुलांचे मित्र आले की मुलं आपणहून येतात, हे मी घरोघरी पाहिलं आहे.

सवड काढून जुलैत टायलरला ‘एबलस्किव्हर डेज’ असतात तेव्हा जाऊन या. एबलस्किव्हर हे गोल, आतून मऊ गोड पदार्थ. त्याचं भांडं थेट आपल्या आप्पेपात्रासारखं. भांड्याभोवती उभ्या असलेल्या बायांना विचारलंत तर त्या उलटायची युक्ती आनंदाने दाखवतात. परत आलात की गणपतीच्या कार्यक्रमासाठी स्वयंसेवकांची जुळवाजुळव सुरू झालेली असेल. त्यात नाव द्या, आणि घरातल्या शाळकरी मुलाचंही द्या.