हळदीचा साबण लाल का होतो? घरच्या साबणात रंग, दूध, मध घालताना या चुका टाळा

दर वर्षी मार्गशीर्ष संपत आला की माझ्या फोनवर तोच फोटो येतो, पाठवणारी तेवढी बदलते. स्टीलच्या पातेल्यात विटकरी लाल घोळ आणि खाली प्रश्न, "ताई, हळद घातली होती, हे काय झालं?" संक्रांतीला घरचा हळदीचा साबण वाण म्हणून लुटायचा बेत असतो. साबण मुरायला चार ते सहा आठवडे लागतात, तेवढे दिवस हातात उरलेले नसतात. आणि फोटो पाठवेपर्यंत घाबरून काहीतरी भलतंच करून झालेलं असतं.

गेली अकरा वर्षं मी चिपळूणला घरी साबण करते, बऱ्याच जणींना शिकवलाही आहे. तेल किंवा कॉस्टिक सोड्याचं वजन चुकून बिघडलेले घाणे मी फार थोडे पाहिले. बिघडतात ते वरून काहीतरी घालायच्या हौसेपायी. साधा पांढरा साबण चार-पाच वेळा नीट जमायच्या आधीच बीट, केशर, मध, गुलाबपाकळ्या, उटणं असं सगळं एकाच पातेल्यात जातं, आणि मग कशामुळे काय झालं ते मलाही सांगता येत नाही.

हे सगळं तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र करून, न शिजवता केलेल्या साबणाबद्दल आहे. साबणाचा विकतचा तयार बेस वितळवून साच्यात ओतणाऱ्यांना एवढंच सांगेन, की ताजी कोरफड, काकडीचा रस असं ओलं काही बेसमध्ये घालू नका. बुरशी धरते.

हळद, आणि हळदीला घाबरून पिळलेलं लिंबू

पांढऱ्या सदऱ्यावर आमटी सांडली आणि घाईने साबण चोळला, की पिवळा डाग लाल होतो. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कुंकू करायची जुनी रीतही याच गुणावर चालायची, हळदीला चुना लागला की ती लाल होते. हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन अल्कलीत, म्हणजे चुन्यासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, लाल पडतं, आणि साबणाचा घोळ अल्कलीच आहे. कॉस्टिकच्या पाण्याचा पीएच (सातच्या वर जितका जास्त, तितकी अल्कली तीव्र) १३-१४ असतो, पुरत्या मुरलेल्या साबणाचाही ९ ते १० राहतो. तेव्हा हळद लाल होणारच. त्यावरून कॉस्टिक जास्त पडलं असं समजू नका. जसजसं कॉस्टिक तेलाशी जुळत जातं, तसतसा रंग उतरत जातो आणि पिकल्या हापूसच्या सालीकडे झुकतो. पिठल्यासारखा पिवळाधमक मात्र कधी होत नाही.

माझ्या मामेबहिणीला हे मी आधी सांगितलं नव्हतं, याची मला अजून चुटपुट आहे. तिचा एक किलो तेलाचा घाणा होता: ४५० ग्रॅम खोबरेल, ४५० ग्रॅम राइस ब्रान म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं तेल, १०० ग्रॅम एरंडेल. कॉस्टिक १४७ ग्रॅम, म्हणजे पाच टक्के तेल साबण न होता मोकळं राहील असा हिशोब. तो अगदी बरोबर होता. मग रंग छान यावा म्हणून तिने पाच मोठे चमचे हळद घातली. घोळ लालभडक झाला. लाल झालेल्या हळदीवर लिंबू पिळलं की ती परत पिवळी होते, हे तिला ठाऊक होतं आणि ते खरंही आहे. तिने लिंबू पिळलं. जिथे रस पडला तिथे क्षणभर पिवळं दिसलं, ढवळल्यावर परत लाल. ती पिळत राहिली. बारा लिंबं, साधारण २०० मिली रस.

लिंबाच्या रसात ६ टक्क्यांच्या आसपास सायट्रिक आम्ल असतं. २०० मिलीत झालं १२ ग्रॅम. एक ग्रॅम सायट्रिक आम्ल ०.६२ ग्रॅम कॉस्टिक खातं, म्हणजे साडेसात ग्रॅम कॉस्टिक लिंबानेच संपवलं. पाच टक्के मोकळं राहायचं ते तेल दहा टक्के राहिलं, वर २०० मिली पाणी फुकट वाढलं. पन्नास-पन्नास ग्रॅमच्या तीस वड्या झाल्या. संक्रांतीला त्या बोटाने दाबल्या तरी खड्डा पडायचा. अंग पुसलेला पंचा पिवळा व्हायचा. होळीपर्यंत वड्यांवर नारिंगी ठिपके आले आणि जुन्या फरसाणासारखा खवट वास सुटला. हळदीकुंकवाला तिने बाजारातून कंगवे आणून वाटले. नुसती थांबली असती, तर काही दिवसांत रंग आपोआप उतरला असता.

मी हळद घोळात टाकतच नाही. एक किलोच्या घाण्याला चहाचा एक सपाट चमचा हळद त्यातल्याच १०० ग्रॅम तेलात अगदी मंद आचेवर अर्धा तास ठेवते, रात्रभर मुरू देते आणि सुती फडक्यातून गाळून ते तेल वापरते. अंगाला रवाळ लागत नाही, पंचाही रंगत नाही. तरी हळदीचा रंग उजेडात विटतो. आमटीचा तोच डाग उन्हात वाळवला की फिका होतो ना, तसंच. म्हणून त्या वड्या कपाटात, कागदात. पिवळाच रंग हवा असेल तर शेंदरीच्या बिया तेलात मुरवा. कोकणात शेंदरीचं झाड शोधावं लागत नाही, आणि तो रंग कॉस्टिकला बिचकत नाही.

लिंबाबद्दल माझं मत ठाम आहे. रस साबणात घालू नये. त्यातलं क जीवनसत्त्व कॉस्टिकपुढे टिकत नाही, वासही राहत नाही. आवडच असेल तर सालं सावलीत वाळवून पूड करा आणि चिमूटभर घाला.

स्वयंपाकघरातले बाकीचे रंग

बीट तपकिरी होतं. जास्वंद मळकट पडते. गोकर्णाचं निळंशार पाणी आधी हिरवं, मग पिवळट होतं. कडुनिंबाची किंवा पालकाची पूड सुरुवातीला सुंदर हिरवी दिसते आणि महिनाभर उजेडात राहिली की वाळक्या पानासारखी. केशर घालणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, ते दुधात घाला.

घाणा घालायच्या आधी एक साधी गोष्ट करा. काचेच्या वाटीत धुण्याच्या सोड्याचं पाणी घ्या. धुण्याचाच, खाण्याचा सोडा फार सौम्य पडतो. त्यात जो रंग वापरायचाय तो चिमूटभर टाका आणि तासभर थांबा. त्या पाण्यात जो रंग बदलला तो साबणात बदलणारच. तासभराची ही परीक्षा कोणी करत नाही, आणि एक किलो तेल वाया घालवायची मात्र तयारी असते. हे मला खरंच समजत नाही.

टिकणारे रंग आपल्याकडे आहेत. मंजिष्ठा तेलात मुरवली की तांबूस गुलाबी येते. रतनजोत तेलात लाल दिसते आणि साबणात गेल्यावर जांभळट किंवा करडी निळी होते, तेही अल्कलीमुळेच. नीळ, म्हणजे निळीच्या झाडापासून केलेली खरी नीळ, घट्ट टिकते, फक्त अगदी कणभर घ्या. सक्रिय कोळसा (अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल) अर्धा किलो तेलाला चहाचा एक चमचा पुरतो. तीन घातलेत तर फेस करडा येतो आणि न्हाणीघराच्या फरशीवर डाग पडतात.

जेलीत आणि जिलबीत घालायचा खाण्याचा रंग अल्कलीत बदलू शकतो आणि दोन रंगांच्या वडीत शेजारच्या थरात उतरतो. अभ्रकाची चमकदार पूड घेताना ती कोल्ड प्रोसेसला, म्हणजे अशा न शिजवलेल्या साबणाला, चालते का, हे विकणाऱ्याला विचारा. गुलाबी-जांभळ्या छटा सगळ्यात आधी दगा देतात. धुण्याची नीळ, रांगोळीचा रंग, होळीचा रंग यातलं काहीही अंगाच्या साबणात घालायचं नाही. कोणी स्वस्त पडतं म्हणून घातलं असं सांगितलं की मला राग येतो, कारण तो साबण घरातल्या लहान मुलांनाही लावला जातो. सौंदर्यप्रसाधनांत कुठले रंग चालतात त्याची भारतीय मानकाची यादी आहे, आयएस ४७०७. रंग घेताना पाकिटावर 'कॉस्मेटिक ग्रेड' लिहिलेलं पाहा.

दूध, मध, गूळ आणि ती गोधडी

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, शिकून गेलेल्या एकीने घरी पहिला घाणा घातला तो थेट बकरीचं दूध आणि मधाचा. साधा साबण एकदा तरी करून बघ, असं मी सांगितलं होतं. पाण्याऐवजी तिने ३०० मिली साधं, गार न केलेलं दूध घेतलं आणि त्यात सगळं कॉस्टिक एकदम ओतलं. दुधातली साखर करपली, दूध गडद नारिंगी झालं, आणि प्रथिनांमुळे अमोनियाचा उग्र वास घरभर पसरला. तिथे थांबायला हवं होतं. तिने पुढे चार मोठे चमचे मध घातला, घोळ लाकडी साच्यात ओतला, आणि कुठेतरी वाचलं होतं म्हणून साचा गोधडीत गुंडाळला.

साखर आणि कॉस्टिक एकत्र आले की घोळ आतून तापतो. मध, गूळ, दूध, नारळाचं दूध सगळ्यांत साखर आहे. त्यात चिपळूणचा मे महिना, त्यात गोधडी. तासाभरात वडीला मधोमध भेग पडली आणि तिच्यातून गरम लगदा उकळी आल्यासारखा वर येऊन ओट्यावर सांडला. तो तिने उघड्या हातांनी गोळा केला. त्या लगद्यात अजून न जुळलेलं कॉस्टिक होतं. तीन बोटांची साल गेली.

म्हणून आधी हे: अंगावर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली हात धरा, पंधरा-वीस मिनिटं, घड्याळ लावून. व्हिनेगर किंवा लिंबू चोळत बसू नका. डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत राहा आणि तडक डॉक्टर गाठा. हातमोजे आणि चष्मा साबण साच्यात गेल्यावरही काढायचे नसतात.

दुधाचं माझं गणित सोपं आहे. कॉस्टिकच्या वजनाइतकं पाणी घ्यायचं आणि कॉस्टिक त्या पाण्यातच विरघळवायचं, कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. उरलेल्या पाण्याच्या जागी गार दूध, तेही थेट तेलात मिसळायचं. दूध गोठवून त्याच्या खड्यांवर चमचा-चमचा कॉस्टिक घालणारेही आहेत, जमतं, पण नवख्याचा धीर दहाव्या चमच्याला सुटतो. मध अर्धा किलो तेलाला चहाचा एक चमचा, थोड्या कोमट पाण्यात पातळ करून, घोळ दाटसर झाल्यावर. तेल आणि कॉस्टिकचं पाणी, दोन्हींची भांडी बाहेरून हाताला जेमतेम कोमट लागावीत. गोधडी नाही. साचा जाळीवर ठेवायचा, पंखा लावायचा आणि पहिले दोन तास घरातून हलायचं नाही.

आणखी काही, थोडक्यात

लवंगेचं तेल घातलं की घोळ डोळ्यांदेखत दगड होतो. घालायचंच तर शेवटी, तेही थेंबांनी, आणि साचा हाताशी तयार ठेवून.

व्हॅनिला असलेला कुठलाही सुगंध साबण तपकिरी करतो. कपड्यांवर मारायचं अत्तर किंवा स्प्रे साबणात नको.

गुलाबाच्या पाकळ्या आत घातल्या की काळ्या पडतात, आणि लोकांना त्या उंदराच्या लेंड्या वाटतात. वर सजवायलाच हव्यात तर साबण मुरल्यावर, देण्याच्या दिवशी ठेवा.

बेसन, मसूर डाळीचं पीठ, उटणं अर्धा किलो तेलाला चहाचा एक चमचा. वाटीभर घातलं तर वडी पाण्यात भिजून चुरा होते. दालचिनीची पूड त्वचेला झोंबते, ती नकोच. अक्रोडाच्या सालीचा भरडा तळपायासाठी ठीक, चेहऱ्याला नाही.

रंग कालवायला अ‍ॅल्युमिनियमची वाटी घेऊ नका, कॉस्टिक तिला खातं आणि हायड्रोजन वायू सुटतो. तांब्या-पितळेचंही नको, साबण लवकर खवट होतो. स्टील किंवा जाड प्लास्टिक.

पावसाळ्यात आमच्याकडे वड्यांना घाम सुटतो. साबणातलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं, मध किंवा मीठ घातलेल्या वड्यांवर तर थेंब उभे राहतात. साबण बिघडलेला नसतो. पुसू नका, पंख्याखाली ठेवा. आणि कॉस्टिकचा डबा घट्ट लावा, कारण ओल खाल्लेल्या कॉस्टिकचं वजन खोटं असतं आणि पुढचे सगळे हिशोब त्या वजनावर चालतात.

मी नवीन काहीही आधी छोट्या स्टीलच्या वाटीत करून पाहते. साध्या घाण्यातून चार चमचे घोळ बाजूला काढायचा, त्यात एकच नवी वस्तू घालायची. एका वेळी दोन नाहीत. जमल्यावर त्या वडीचे दोन तुकडे करायचे, एक कपाटात, एक खिडकीत, आणि दोन्हींवर तारीख आणि माप लिहिलेली चिठ्ठी टाचणीने टोचायची. सहा आठवड्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे आणि खिडकीतल्या तुकड्याने हात धुवायचे. आत्ता माझ्या खिडकीत मंजिष्ठेचे तीन तुकडे आहेत, अर्धा, एक आणि दोन चमच्यांचे. अर्ध्या चमच्याचा विटलाय, दोनाचा पंचाला लागतोय. यंदाच्या वाणाला मी एकाचं माप धरलंय, आणि तो घाणा कार्तिकातच घालणार आहे.