वकील, सैनिक आणि लोकप्रतिनिधी : जॉन लोगन यांच्या चरित्राचा अभ्यास कसा करावा

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्यांनी थोर सेनापतींऐवजी जॉन लोगन यांच्यासारख्या माणसापासून सुरुवात करावी, असे मी अनुभवाने सांगतो. दक्षिण इलिनॉयमधील बेंटन या लहान गावात वकिली करणारा हा गृहस्थ युद्धात मेजर जनरल झाला आणि पुढे सिनेटमध्ये बसला, त्यामुळे कोर्ट, छावणी आणि सभागृह या तिन्ही ठिकाणच्या दप्तरांची ओळख एकाच चरित्रातून होते.

सर्वप्रथम एका वहीत वकिली, सैन्य आणि राजकारण असे तीन रकाने आखून तारखा समोरासमोर मांडाव्यात. चरित्रग्रंथ ही कामे एकामागून एक प्रकरणांत सांगतात, पण प्रत्यक्षात ती एकमेकांत गुंतलेली होती. 1826 मध्ये जन्मलेले लोगन मेक्सिकोच्या युद्धात लेफ्टनंट होते. कायद्याची पदवी त्यांनी त्यानंतर, 1851 मध्ये लुईव्हिल येथे घेतली. अमेरिकेच्या काँग्रेसमधील, म्हणजे संसदेतील, जागेचा राजीनामा त्यांनी एप्रिल 1862 मध्ये दिला, म्हणजे त्याच वर्षी फेब्रुवारीत टेनेसीतील डोनेल्सनच्या किल्ल्यापाशी ते जखमी झाले, तेव्हा इलिनॉयच्या 31व्या रेजिमेंटचे कर्नल असूनही ते प्रतिनिधिगृहाचे सदस्यच होते.

वकिलीच्या रकान्याकडे विद्यार्थी हमखास दुर्लक्ष करतात, आणि मला तर तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सरकारी वकील म्हणून गावोगावच्या कोर्टांत उभे राहताना झालेल्या ओळखींवरच त्यांची निवडणूक आणि नंतरची सैन्यभरती उभी राहिली असावी, असे माझे मत आहे. केंटकी, टेनेसी अशा गुलामगिरीच्या राज्यांतून आलेल्या लोकांची दक्षिण इलिनॉयमध्ये मोठी वस्ती होती. अशा मुलखात संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूने रेजिमेंट उभी करण्यासाठी लोकांच्या विश्वासातलाच माणूस लागत होता.

साधनांच्या बाबतीत मराठी वाचकाला पत्र आणि बखर यांतील फरक वेगळा समजावावा लागत नाही. युद्धाचे अधिकृत कागद 128 ग्रंथांत छापलेले असून ते संगणकावर मोफत वाचता येतात. काँग्रेसमधील त्या काळची भाषणेही तशीच उपलब्ध आहेत, आणि लोगन कुटुंबाची कागदपत्रे वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. पत्नी मेरी लोगन यांच्या आठवणी 1913 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या अतिशय वाचनीय आहेत, परंतु पतीच्या कीर्तीचे रक्षण हा त्यांचा हेतू असल्यामुळे त्या कागदपत्रांनंतर वाचाव्यात. लोगन यांचे वरिष्ठ सेनापती शेर्मन यांच्या आत्मचरित्रालाही हेच लागू आहे. 22 जुलै 1864 रोजी अटलांटाजवळ उत्तरेच्या ‘टेनेसीच्या सेने’चे सेनापती मॅकफर्सन मारले गेल्यावर लोगन यांनी लढाई सावरली, तरी शेर्मन यांनी त्या सेनेचे नेतृत्व थोड्याच दिवसांत हॉवर्ड या दुसऱ्या सेनानीला दिले. राजकारणातून आलेल्या सेनानींबद्दल शेर्मन यांचे मत काय होते, हे माहीत असल्याशिवाय त्या निर्णयाचे त्यांनी दिलेले समर्थन नीट पारखता येत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न त्यांच्या मतांतराचा आहे. बाहेरच्या कृष्णवर्णीयांना इलिनॉयमध्ये स्थायिक होण्यास मनाई करणारा 1853 चा कायदा पुढे रेटणारे डेमोक्रॅट लोगन, युद्धानंतर रिपब्लिकन होऊन कृष्णवर्णीयांच्या हक्कांची बाजू घेतात. यांपैकी कोणतीही बाजू झाकू नये. केवळ सत्तेसाठी ते बदलले, असे म्हणणाऱ्यांनी 1863 च्या उन्हाळ्यातील त्यांच्या दौऱ्याकडे पाहावे : दक्षिणेचे व्हिक्सबर्ग हे ठाणे पडल्यावर रजेवर आलेले लोगन आपल्याच मुलखात, डेमोक्रॅट मतदारांसमोर, युद्ध नेटाने चालवावे असे सांगत फिरत होते. त्या वेळी ते कोणत्याही पदाचे उमेदवार नव्हते. म्हणून या मतांतराचा शोध मी युद्धोत्तर भाषणांऐवजी त्या वर्षीच्या भाषणांपासून आणि रणांगणावरून त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांपासून सुरू करायला सांगतो.