प्रार्थना झाली, आता वही काढा: कर्जातल्या या चुका टाळा

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाची पैशाची ओढाताण झाली की त्याला माझ्याकडे पाठवतात, का तर मी स्वतः एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय. येणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "देव पुरवेल." पुरवेल ना, पण एकूण देणं किती आहे हे विचारलं की गप्प.

बायबलमधल्या 2 राजे 4 मधली विधवा आठवा. नवरा देवाला भिणारा, तरी कर्ज ठेवून गेला आणि सावकार दोन्ही पोरांना गुलाम करून न्यायला निघालेला. ती अलीशा संदेष्ट्याकडे गेली, त्याने काय विचारलं? तुझ्या घरात काय आहे ते सांग. म्हणजे चमत्काराच्या आधी घरातल्या मालाची मोजदाद! तिच्याकडच्या थोड्याशा तेलाने भांडीच्या भांडी भरल्यावरही क्रम बघा, आधी विक, मग कर्ज फेड, मग उरलेल्यावर जगा. आपण नेमकं उलटं करतो.

आता माझी आवडती चूक, जामीन राहणं. आमच्याच मंडळीतला एक भाऊ, दर रविवारी शेजारच्या बाकावर बसणारा, म्हणाला फक्त सही पाहिजे. मला वाटलं विश्वासातला माणूस आहे, नाही कसं म्हणायचं, आणि खरं सांगू का, नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील ही भीती जास्त होती, प्रीती कमी. कागद वाचलाच नाही. पाचव्या महिन्यात त्याचे हप्ते थांबले आणि फोन मला यायला लागले, पुढची दोन वर्षं ते हप्ते मी भरले, आणि हे सगळं बायकोला तिसऱ्या नोटिशीनंतर कळलं, त्या रात्रीबद्दल मी इथे लिहिणार नाही. नीतिसूत्रे 6 मी लहानपणापासून ऐकलं होतं, अडकलास तर डोळ्याला झोप लागू देऊ नकोस, हरणासारखा निसटून जा. 22 व्या अध्यायात तर अंगाखालचं अंथरूण जाईल असं स्पष्ट लिहिलंय. मला वाटायचं हे बाहेरच्यांसाठी असेल.

आता माझी सवय अशी: कुठलाही कागद दोन रात्री घरात ठेवायचा, दोघांनी वाचायचा, आणि मगच सही. समोरचा "आजच पाहिजे" म्हणाला तर माझं उत्तर "नाही". मदत करायचीच असेल तर जेवढं परत नाही आलं तरी चालेल तेवढंच द्यायचं, आणि विसरायचं.

दुसरी चूक, क्रेडिट कार्डाचा मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढीच भरणं. लोकांना वाटतं भरतोय ना, मग झालं. समजा व्याज महिन्याला 3 टक्के आणि तुम्ही दरवेळी बाकीच्या 5 टक्केच भरताय, नवीन खर्च शून्य. तर 100 चं देणं 50 वर यायला साधारण 32 महिने लागतात आणि तोवर तुमच्या खिशातून 120 गेलेले असतात. परत वाचा. 120 भरले आणि 50 अजून बाकी! ऋणको धनकोचा दास होतो (नीतिसूत्रे 22:7) ते हेच. मी कार्ड कपाटात ठेवलं आणि किल्ली बायकोकडे दिली, हसा खुशाल.

बाकीच्या पटापट सांगतो.

कार्ड घासून दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, मंडळीला देऊ नका. दुसऱ्याचे पैसे अर्पण करण्यात कसली भक्ती? आणि "देवाला दिलंय" म्हणून आईबापाला हात आखडता घेणाऱ्यांनी मार्क 7 मधलं कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलेलं, याबद्दल वाचावं.

एक कर्ज फेडायला दुसरं कर्ज: व्याज खरंच कमी असेल आणि जुनं खातं त्याच दिवशी बंद होणार असेल तरच.

बायबलच्या अनुवाद या पुस्तकातल्या 15 व्या अध्यायातली, दर सातव्या वर्षीची कर्जमाफी दाखवून हप्ते थांबवणारे पण भेटलेत मला. अरे बाबा, तो हुकूम उसनं देणाऱ्याला आहे. घेऊन न फेडणाऱ्याला स्तोत्र 37:21 दुष्ट म्हणतं, तेही बघा.

"ब्रदर, तीन महिन्यांत कर्जमुक्त व्हायचंय, काहीतरी सांगा." असल्यांना मी आधी महिनाभराचा खर्च लिहून आणायला सांगतो, रोजचा, बारीकसारीक सगळा. बरेच जण परत येत नाहीत. जे येतात त्यांच्याबरोबर बसतो, आधी सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज लाल पेनाने लिहितो, आणि नवरा-बायको दोघं समोर असल्याशिवाय वही उघडत नाही.

आणि हप्ता चुकणार हे दिसत असेल तर बँकेला आधी फोन करा, चुकल्यावर नाही.