नेटिव्ह लायब्ररी लोड होत नाही? चूक नेमकी कुठे आहे ते असं शोधा

सांगली भागात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं काम नुसत्या स्क्रीनपुरतं क्वचितच राहतं. साखर कारखान्याच्या केन यार्डातला वजनकाटा, पतसंस्थेच्या काउंटरवरचं बोटांचे ठसे घेणारं मशीन, मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची लेबलं छापणारा प्रिंटर, दूध संकलन केंद्रावरचं फॅट मशीन. काही ना काही जोडायचं असतंच. मशीनबरोबर कंपनी विंडोजसाठी डीएलएल किंवा लिनक्ससाठी एसओ फाइल देते. आपला प्रोग्राम जावात असो, पायथनमध्ये असो की सी शार्पमध्ये, ही फाइल मात्र बहुतेक वेळा सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहून थेट प्रोसेसरला कळणाऱ्या मशीन कोडमध्ये उतरवलेली असते. तीच नेटिव्ह लायब्ररी. ती ठरावीक प्रोसेसरसाठी आणि ठरावीक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी बनलेली असते, म्हणून आपल्या लॅपटॉपवर चाललेलं काम गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर इथे अडतं.

अडलं की बरेचजण सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. त्याने कधी चालू होतंही, पण का झालं ते कळत नाही आणि पुढच्या शाखेत तीच अडचण नव्याने उभी राहते. त्यापेक्षा चार प्रश्न याच क्रमाने विचारा. फाइल सापडली का? ती आपल्या प्रोग्रामच्याच जातीची, म्हणजे तितक्याच बिटची आणि त्याच प्रोसेसरची, आहे का? तिला लागणाऱ्या बाकीच्या फाइली आहेत का? आणि आपल्याला हवं ते फंक्शन, हव्या त्या आवृत्तीत, तिच्यात आहे का? क्रम मोडू नका. पहिल्याचं उत्तर नसताना चौथ्यावर डोकं चालवण्यात अख्खा दिवस जातो.

पायरी १: एरर शेवटपर्यंत वाचा

जावात सगळ्या दुखण्यांना एकच नाव मिळतं, अनसॅटिस्फाइड लिंक एरर. खरी माहिती त्याच्या पुढच्या वाक्यात असते. लायब्ररी पाथमध्ये फाइल नाही असं म्हटलं असेल तर प्रश्न पहिला. ३२ बिट, ६४ बिट किंवा 'राँग एल्फ क्लास' असे शब्द असतील तर दुसरा. 'डिपेंडंट लायब्ररीज' सापडत नाहीत असं असेल तर तिसरा. 'अनडिफाइंड सिम्बॉल' किंवा एखाद्या आवृत्तीचा आकडा दिसला तर चौथा.

विंडोजचा एक संदेश मात्र फार फसवतो. 'स्पेसिफाइड मॉड्यूल सापडलं नाही' असं येतं, आणि आपण बघतो तर फाइल डोळ्यांसमोर फोल्डरमध्ये असते. अशा वेळी ती फाइल नव्हे, तिला लागणारी दुसरी फाइल गायब असते. थेट तिसऱ्या पायरीवर जा.

फाइल खरोखरच सापडत नसेल तर आधी नाव तपासा. जावात 'काटा' या नावाने लायब्ररी मागितली तर विंडोजवर 'काटा डॉट डीएलएल' शोधली जाते आणि लिनक्सवर 'लिबकाटा डॉट एसओ'. नाव बरोबर असेल तर फाइलचा पूर्ण पाथ देऊन लोड करून बघा. तेवढ्याने चाललं तर दोष फक्त शोधण्याच्या जागेचा आहे. पायथन ३.८ पासून विंडोजवर लायब्ररीच्या साथीच्या डीएलएल 'पाथ' या सिस्टीम व्हेरिएबलमधल्या फोल्डरांतून शोधल्या जात नाहीत, फोल्डर कोडमध्ये वेगळा जोडावा लागतो. जुना कोड नव्या पायथनवर नेताना हे हमखास विसरतं.

पायरी २: ३२ की ६४, इंटेल की एआरएम

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण हीच, कारण काटे आणि ठशांची मशीनं वर्षानुवर्षं चालतात आणि त्यांच्या डीएलएल ३२ बिटच्या जमान्यातल्या असतात. नियम एकच आहे: ६४ बिट प्रोसेसमध्ये ३२ बिट डीएलएल लोड होत नाही, उलटही होत नाही. इथे ऑपरेटिंग सिस्टीम किती बिटची यापेक्षा आपला प्रोग्राम किती बिटचा चालतोय हे महत्त्वाचं. डॉट नेटमध्ये ही चूक 'बॅड इमेज फॉरमॅट एक्सेप्शन' म्हणून दिसते, बाकी ठिकाणी एरर १९३ म्हणून.

विंडोजच्या फोल्डरांच्या नावांवर जाऊ नका. ६४ बिट विंडोजमध्ये 'सिस्टीम ३२' या फोल्डरात ६४ बिट फाइली असतात आणि ३२ बिट फाइली 'सिसवाव ६४' मध्ये. नावावरून अंदाज केला की उलटंच होतं.

उपाय तीन. कंपनीकडून ६४ बिट डीएलएल मागवा. मिळत नसेल तर आपला प्रोग्राम 'एनी सीपीयू' वर न सोडता 'एक्स ८६', म्हणजे ३२ बिट, म्हणून बिल्ड करा. तेही जमत नसेल तर काट्याशी बोलणारा एक छोटा ३२ बिट प्रोग्राम वेगळा लिहा, आणि मुख्य प्रोग्रामने त्याच कॉम्प्युटरवर पाइप किंवा सॉकेटमधून त्याच्याकडून वजन घ्यावं. मला तिसरा उपाय सगळ्यात पसंत आहे. डीएलएल अडकली तरी पावतीचा प्रोग्राम बंद पडत नाही आणि काट्यावरची ट्रॅक्टरची रांग थांबत नाही.

लिनक्स आणि मॅकवर 'फाइल' ही कमांड लायब्ररी कोणत्या प्रोसेसरची आहे ते एका ओळीत सांगते. २०२० च्या अखेरीस आलेल्या ॲपलच्या एम१ चिपपासूनचे मॅक इंटेलचे नव्हे, एआरएम जातीच्या प्रोसेसरचे आहेत. तिथे एआरएमची जावा आणि इंटेलची लायब्ररी अशी जोडी जमत नाही.

पायरी ३: साथीच्या फाइली

विंडोजवर 'डंपबिन' ही कमांड 'डिपेंडंट्स' पर्यायासह चालवली की लायब्ररीला काय काय लागतं ते दिसतं. बहुतेक वेळा गायब असतो तो व्हिज्युअल सी प्लस प्लसचा रनटाइम, म्हणजे प्रोग्राम चालताना लागणाऱ्या फाइलींचा संच. तो मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या. ३२ आणि ६४ बिटचे इन्स्टॉलर वेगळे असतात, लायब्ररी ज्या जातीची तोच हवा. सुटी डीएलएल देणाऱ्या भलत्या साइटवरून काहीही उतरवू नका. ज्या कॉम्प्युटरवर सभासदांच्या ठेवींचे हिशेब आहेत, तिथे अनोळखी फाइल बसवणं हा गुन्ह्याइतका निष्काळजीपणा आहे.

गायब फाइलच्या नावाच्या शेवटी 'डी' असेल, जसं 'व्हीसीरनटाइम१४०डी', तर लायब्ररी डीबग बिल्डची, म्हणजे चुका शोधण्यासाठी बनवलेली, आहे. तो रनटाइम व्हिज्युअल स्टुडिओ असलेल्या कॉम्प्युटरवरच असतो आणि तो दुसऱ्यांना वाटायची परवानगीही नाही. रिलीज बिल्ड करा, एवढंच. कॉलेजचा प्रोजेक्ट पहिल्यांदा गिऱ्हाइकाकडे नेणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

लिनक्सवर 'एलडीडी' कमांड हीच यादी देते आणि न सापडलेल्या फाइलीपुढे 'नॉट फाउंड' लिहिते. अनोळखी फाइलवर मात्र ती चालवू नका, काही परिस्थितीत त्या फाइलमधला कोड चालू शकतो. तिथे 'रीडएल्फ' वापरा.

पायरी ४: आवृत्ती आणि फंक्शन

'जीलिबसी २.३५ सापडली नाही' अशा प्रकारची एरर लिनक्स सर्व्हरवर नेहमी येते. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रामना लागणारी मूळ सी लायब्ररी. उबंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. जुन्यावर बिल्ड केलेलं नव्यावर चालतं, नव्यावर केलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. म्हणून ज्या सर्व्हरवर चालवायचं त्याच किंवा त्याहून जुन्या आवृत्तीच्या डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरच्या वेगळ्या बंदिस्त लिनक्समध्ये, बिल्ड करा. नवी जीलिबसी जुन्या सर्व्हरवर कॉपी करून टाकू नका, साधी 'एलएस' कमांडसुद्धा चालेनाशी होते. अल्पाइन लिनक्समध्ये जीलिबसीच नसते, तिच्या जागी मसल ही दुसरी सी लायब्ररी असते, त्यामुळे तिथे कंपनीने सोर्स कोडशिवाय दिलेल्या तयार लायब्ररी सहसा चालत नाहीत.

नोड जेएसमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) 'नोड मॉड्यूल व्हर्जन' जुळत नाही असं आलं तर नोडची आवृत्ती बदलल्यावर पॅकेज पुन्हा बिल्ड झालेलं नाही. 'एनपीएम रीबिल्ड' चालवा.

ऊसनोंदणीसारखी अँड्रॉइड ॲप करणाऱ्यांसाठी एक गोष्ट नवी आहे. अँड्रॉइड १५ पासून १६ केबी मेमरी पेजचे (म्हणजे मेमरी एका वेळी १६ केबीच्या तुकड्यांत वाटणारे) फोन चालतात आणि ४ केबी धरून बिल्ड केलेली एसओ फाइल तिथे अडते. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा पुढची आवृत्ती लक्ष्य धरणाऱ्या ॲपना प्ले स्टोअरवर हा आधार सक्तीचा झाला. आपला कोड एनडीकेच्या (अँड्रॉइडसाठी नेटिव्ह कोड बिल्ड करायची साधनं) आर२८ आवृत्तीने बिल्ड केला की तो आपोआप जुळतो. ठशांच्या मशीनची तयार एसओ मात्र कंपनीनेच नवी द्यावी लागते.

पायरी ५: खरंच कुठली फाइल उघडली?

सगळं बरोबर दिसूनही चालत नसेल तर त्याच नावाची दुसरीच, जुनी फाइल लोड होत असते. विंडोजवर प्रोसेस मॉनिटर लावा, आपल्या प्रोग्रामचं नाव फिल्टरमध्ये घाला आणि डीएलएल कुठकुठल्या फोल्डरात शोधली गेली ते ओळीने वाचा. लिनक्सवर 'एलडी डीबग' या व्हेरिएबलला 'लिब्ज' ही किंमत देऊन प्रोग्राम चालवला की तोच शोध छापून येतो.

पायरी ६: कंपनीला लिहिताना

'डीएलएल चालत नाही' एवढंच कळवलं तर उत्तरात 'पुन्हा इन्स्टॉल करा' येणार. ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती, आपला प्रोग्राम ३२ की ६४ बिट, डीएलएलची आवृत्ती, एररचा पूर्ण मजकूर आणि पाचव्या पायरीतला लॉग, एवढं एकाच मेलमध्ये पाठवा. सपोर्टचा माणूस तो सरळ डेव्हलपरकडे देऊ शकतो. कारखान्याचं काम असेल तर नवीन कॉम्प्युटरवर ही सगळी तपासणी गळीत हंगामाच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात उरका. नवी डीएलएल यायला आठवडे लागू शकतात, आणि काटा सुरू झाल्यावर तो अर्धा तासही कुणी थांबवू देत नाही.