धान्यातली गोळी आणि त्याच खोलीतलं अंथरूण

रोहिणी लागली, वळीव कधीही गाठेल. गहू, ज्वारी, तूर, हरभरा घरात येऊन पडलाय आणि या पंधरवड्यात गावोगाव एकच प्रश्न कानावर येतो: "भाऊ, पोत्यांत गोळ्या किती टाकू?" राहत्या घरात एकही टाकू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, पण आज रात्री पोरं कुठं झोपणार आहेत ते आधी बघा.

ही गोळी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. गोळी स्वतः धान्यात बसून राखण करत नाही. हवेतली किंवा धान्यातली ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो, तो किडे मारतो आणि माणसंही मारतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण १ ग्रॅम वायू निघतो. कोरड्या उन्हाळ्यात तो सावकाश सुटतो. पहिला पाऊस पडला, घर दमट झालं, आपण दारं-खिडक्या लावून घेतल्या, की त्याच गोळ्या जोर धरतात. म्हणून ही घाई.

एका घरातलं चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मधली खोली, भिंतीला लावलेली गव्हाची थप्पी, पोत्यांच्या तोंडाशी चिंधीत बांधलेल्या पुरचुंड्या. उकाड्यामुळे पोरं थप्पीच्या कडेला गार फरशीवर झोपलेली. पहाटे उलट्या सुरू झाल्या. "रात्रीचं शिळं बाधलं" म्हणून लिंबू-साखरेचं पाणी दिलं. कुणाच्याही डोक्यात गोळ्या आल्या नाहीत. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. पुरचुंडी सोडली तर आत फक्त चिमूटभर करडी राख होती. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसतो. आणि आपली लेकरं खालीच झोपतात.

वासावर विसंबू नका. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो खरा, पण येईलच असं नाही. वास नाही म्हणजे वायू नाही, हे चूक. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही. भिंतीच्या फटीतून, माळ्यावरून तो शेजारच्या खोलीतही जातो.

कायदाही हेच सांगतो. ५६ टक्क्यांच्या या गोळ्यांचं धुरीकरण (बंद जागेत वायू कोंडून कीड मारणं) सरकारी यंत्रणेनं किंवा मान्यताप्राप्त कीड नियंत्रकानं, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचं असतं. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ पासून बंदी आहे. तरीही दुकानात कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळतात, वर "क्विंटलला दोन टाका" असा सल्ला फुकट. अधिकृत मात्रा काय? १ टन धान्याला ३ गोळ्या, त्याही हवाबंद आच्छादनाखाली, सात दिवस. तुमच्या घरच्या तीन क्विंटलला या हिशोबानं पुरती एक गोळीही येत नाही. शिवाय गोण्यांतून वायू निसटतो, अंडी वाचतात, आणि वायू उडाला की नवा सोंडे किडा महिन्याभरात परत हजर. पैसे गेले, कीड राहिली.

गोळ्या आधीच टाकल्या असतील तर:
- माणसं, जनावरं, कोंबड्या लगेच बाहेर. दारं-खिडक्या सताड उघडा, त्या घरात कुणी झोपू नका.
- गोळीवर पाणी मारू नका, ओल्या हातानं उचलू नका. वायू एकदम सुटतो, पेटही घेऊ शकतो.
- स्वतः काढायला आत शिरू नका. सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) फोन करून मान्यताप्राप्त माणूस बोलवा.

डोकं दुखणं, मळमळ, उलटी, छातीत दाटणं, धाप, फार तहान, आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम त्रास: हे अन्नातून झालं असं धरू नका. १०८ लावा. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, "घरात धान्याच्या गोळ्या आहेत." याला उतारा नाही, नुसती लक्षणांवर झुंज असते, म्हणून वेळ फार मोलाचा. बरं वाटलं तरी लगेच घरी आणू नका. माणूस काही तासांनी खालावतो. आणि उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका. एखाद्या वाईट क्षणी विष हाताशी नसेल, तर घरातलं माणूस वाचतं.

मग धान्य टिकवायचं कसं? वाळवून. ओलं धान्य कुठल्याच औषधानं टिकत नाही. गहू-ज्वारीत ओल १० ते १२ टक्के, कडधान्यात ९ च्या आसपास हवी. ओल मोजायचं यंत्र नसेल तर दाणा दाताखाली धरा, कडकन फुटला पाहिजे. नुसता दबला तर अजून दोन उन्हं द्या. ऊन दिलेलं धान्य गरम-गरम भरू नका, रात्रभर निवू द्या. पत्र्याची कोठी फटी बुजवून वापरा, नाहीतर हवाबंद तिहेरी पिशवी घ्या. ती दोन-तीन हंगाम जाते. खायच्या तुरीला, हरभऱ्याला किलोला ५ मिली खाद्यतेल चोळा, भुंग्याची अंडी त्यावर तगत नाहीत. शक्य असेल तर डाळच करून ठेवा. कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत वाळवून थरांत घाला. त्यानं कीड मरते असं मी म्हणणार नाही, पण माझ्या पाहण्यात पाला घातलेल्या कोठीत कीड उशिरा येते. हिरवा पाला घालाल तर बुरशी लागेल.

पेरणीआधीची बाकी कामं:
- जुना बारदाना ५ टक्के निंबोळी अर्कात बुडवून वाळवणे
- सोयाबीनची उगवण तपासणे (१०० पैकी निदान ७० दाणे उगवायला हवेत)
- बीजप्रक्रिया (पेरण्याआधी बियाण्याला औषध चोळणे)
- बांध, चर दुरुस्ती
- ७५ ते १०० मिमी पावसाआधी पेरणी नाही

पाऊस सुरू झाला की पंधरा दिवसांनी एकदा कोठीत कोपरापर्यंत हात घालून बघा. आतलं धान्य गरम लागलं तर त्याच दिवशी बाहेर काढा, चाळा आणि उघडीप मिळताच उन्हात घाला.